फरारी कैदी, पोलीसप्रमुख

पोलीस कादंबरीतला नायक कसा असावा, याचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. तो चाणाक्ष असतो, थोडा तऱ्हेवाईकही चालतो, पण त्याचे हात मात्र स्वच्छ लागतात. एका बाजूला चोर, दुसऱ्या बाजूला तो आणि मध्ये कायद्याची सरळ रेघ. शेवटचे पान उलटले की चोर गजाआड आणि वाचक निर्धास्त! बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या आमच्या पिढीला तर लायब्ररीतून पुस्तक आणतानाच शेवट गोड होणार याची खात्री असे. अलीकडच्या कादंबऱ्यांत आणि मालिकांत मात्र हा नायक बिघडला आहे. तो खोटे पुरावे पेरतो, गुंडांत ऊठबस करतो, प्रसंगी त्यांच्याकडून पैसेही घेतो आणि तरीही आपले मन त्याच्याच बाजूने असते. पुष्कळ जण याला आजच्या काळाचा दोष म्हणतात. मला तसे वाटत नाही. हा नायक जन्मालाच असा आला होता. मधल्या काळात लेखकांनी त्याला न्हाऊमाखू घालून सभ्य केले, इतकेच.

त्या मूळ पुरुषाचे नाव युजेन फ्रान्स्वा विदॉक. पॅरिसच्या गुप्त पोलीस पथकाचा हा संस्थापक. १८११ ते १८१८ अशी सात वर्षे त्याने शेकडो चोर, दरोडेखोर आणि खुनी पकडून दिले, आणि या सातही वर्षांत तो स्वतः सरकारदफ्तरी एक फरारी कैदी होता. आठ वर्षांची सक्तमजुरी त्याच्या डोक्यावर तशीच उभी होती. म्हणजे ज्या पोलीस खात्याने त्याला बेड्या घालायच्या, त्याच खात्यात तो इतरांना बेड्या घालत होता. ही कुणा कादंबरीकाराची कल्पना नव्हे. कादंबरीकारांनी ती त्याच्याकडून उसनी घेतली.

पाववाल्याचा मुलगा

विदॉकचा जन्म २४ जुलै १७७५ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आरास या गावी झाला. वडिलांचा पावाच्या भट्टीचा धंदा. घरात खायला-प्यायला कमी नव्हते. पोरगा अंगापिंडाने दांडगा, तलवारबाजीत तरबेज आणि हाताचा चलाख. चोरीचे पहिले धडे त्याने घरातच गिरवले. आधी चांदीची ताटे विकली, मग दुकानाच्या गल्ल्यातली मोठी रक्कम उचलून बंदराची वाट धरली. बेत थेट अमेरिकेला जाण्याचा होता. पण ऑस्टेंडच्या बंदरावर त्याच्याहून बिलंदर माणसे बसलेली होती. त्यांनी एका रात्रीत या पोराला धुऊन काढले. खिसा रिकामा झालेला हा मुलगा फिरत्या खेळवाल्यांच्या तांड्यात राहिला, जनावरांचे पिंजरे साफ करत दिवस काढले आणि शेवटी हात हलवत घरी परतला. आईने त्याला पोटाशी धरले. पुढच्या सगळ्या वादळांत आईचा हा आसरा कधी तुटला नाही.

१७९१ साली तो सैन्यात शिरला. फ्रेंच राज्यक्रांतीचे ते दिवस. १७९२च्या वाल्मी आणि जेमाप या दोन्ही लढायांत तो होता. पण शिस्त त्याला मानवेना. वरिष्ठांशी भांडणे, द्वंद्वयुद्धे, मग पळून जाणे, पुन्हा दुसऱ्या नावाने दुसऱ्या पलटणीत भरती होणे हा त्याचा क्रमच झाला. १७९४मध्ये आरासला त्याचे लग्न झाले आणि थोडक्या काळात मोडलेही. इथवरची कथा त्या उलथापालथीच्या काळातल्या कितीतरी वाह्यात तरुणांची असू शकेल. ती विदॉकची झाली ती एका कागदामुळे.

एक बनावट हुकूम

१७९५ साली लील शहरात एका स्त्रीवरून मारामारी झाली. समोरचा माणूस लष्करी अधिकारी निघाला. विदॉकला तीन महिन्यांची कैद झाली. किरकोळ शिक्षा. ती भोगून तो बाहेर पडता, तर आज त्याचे नाव कुणाला ठाऊकही नसते. पण त्याच तुरुंगात बोआतेल नावाचा एक शेतमजूर होता. घरातल्या पोराबाळांच्या तोंडात घालायला त्याने धान्य चोरले होते आणि त्यासाठी त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती. काही दिवसांनी तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती बोआतेलच्या सुटकेचा हुकूम पडला. सही-शिक्का सगळे जागच्या जागी. बोआतेल सुटला. मग कळले की हुकूम बनावट होता, आणि तो विदॉकच्या कोठडीत बसून तयार झाला होता. विदॉकचे म्हणणे असे की दोघा कैद्यांनी एकांतात बसून काही लिहायचे आहे म्हणून कोठडी मागितली, ती त्याने दिली. त्यापलीकडे त्याचा संबंध नव्हता. न्यायालयाने ते मानले नाही. २७ डिसेंबर १७९६ रोजी डुए येथे त्याला आठ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे या प्रकरणावर मी इतरांपेक्षा जरा जास्त वेळ रेंगाळतो. बनावट कागद कधीच एकट्या माणसाचा नसतो. कुणी कोरा कागद पुरवलेला असतो, कुणी शिक्का उचलून दिलेला असतो, कुणी सही गिरवलेली असते आणि कुणीतरी नुसती मान दुसरीकडे वळवलेली असते. चौकशीत मात्र ज्याच्या टेबलावर कागद सापडतो, तो पहिला अडकतो. विदॉक तसा अडकला असेल किंवा तोच त्या कटाचा सूत्रधारही असेल. पण त्या कागदाने सुटला कोण? तर भुकेसाठी धान्य चोरणारा माणूस. एका गरिबाला बाहेर काढणारा गुन्हा विदॉकला आयुष्यभर पुरला. हे धान्य आणि ही शिक्षा वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे एका थोर कादंबरीत ती दुसऱ्या रूपात भेटणार आहे.

शिक्षा झालेल्या कैद्यांना तेव्हा पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या तुरुंगात गोळा करत. तिथे त्यांच्या गळ्यात लोखंडी कड्या ठोकत, त्या कड्या एका लांब साखळीत ओवत आणि ही माणसांची माळ रस्तोरस्ती मिरवत समुद्रकाठच्या सक्तमजुरीच्या तळांवर नेत. विदॉक जानेवारी १७९८मध्ये ब्रेस्तला पोहोचला आणि दीड महिन्यात खलाशाच्या वेशात निसटला. पुन्हा सापडला. या वेळी तुलाँला रवानगी झाली. मार्च १८००मध्ये तिथूनही पळाला. कधी खलाशी, कधी अधिकारी, कधी चक्क जोगीण अशा त्याच्या सोंगांच्या कथा त्याच्या आत्मचरित्रात आहेत. त्या सगळ्याच अक्षरशः खऱ्या मानण्याचे कारण नाही. पण कैद्यांच्या जगात त्याचे नाव झाले होते, हे निश्चित. कुठलीच भिंत याला अडवत नाही, अशी त्याची ख्याती होती. पुढे हीच ख्याती त्याचे भांडवल ठरली.

विश्वासाचा व्यापार

फरारी माणसाचे आयुष्य बाहेरून साहसाचे दिसते, आतून ते हप्त्यांचे असते. विदॉकने नाव बदलून व्यापार थाटला, कापडाचा धंदा केला, बस्तान बसत आले की जुन्या तुरुंगातला कुणीतरी दारात उभा राही. तोंड बंद ठेवायचे तर पैसे दे. कधी चोरीचा माल लपवून ठेव. सोडून दिलेल्या बायकोनेही हेच केले. आठ-नऊ वर्षे हा माणूस दोन्हीकडून पिळला गेला. पोलीस पकडू पाहत होते आणि चोर सोडत नव्हते. सरळ जगायची इच्छा असूनही त्याला तशी वाटच नव्हती.

१ जुलै १८०९ रोजी तो पॅरिसमध्ये पुन्हा पकडला गेला. वय चौतिसाला टेकलेले. पॅरिस पोलिसांच्या गुन्हे विभागाचा प्रमुख ज्याँ आँरी हा मुरलेला अधिकारी होता. विदॉकने त्याच्यापुढे देवघेवीचा प्रस्ताव ठेवला. मला साखळीत पाठवू नका, मी तुम्हाला खबरा देतो. आँरीने ते मान्य केले. पुढचे एकवीस महिने विदॉक बिसेत्र आणि ला फोर्स या दोन तुरुंगांत कैदी म्हणूनच राहिला. कैदी त्याच्याकडे आदराने पाहत. पळून जाण्यातला हा उस्ताद, याच्याजवळ मन मोकळे करायला काय हरकत? ते आपले जुने गुन्हे सांगत, बाहेरच्या साथीदारांचे पत्ते सांगत, खोटी नावे सांगत. विदॉक ऐकून घेई, आणि त्याची मैत्रीण आनेत भेटीला आली की तिच्यामार्फत ते सारे आँरीकडे पोहोचते करी.

त्याच्या आयुष्यातली हीच जागा मला सर्वांत अवघड वाटते. चोर पकडणे हे चांगले काम, यात वाद नाही. पण ते पकडले गेले कशाने? पायाचे ठसे पाहून नव्हे, की तर्कशास्त्राने नव्हे. एकाच कोठडीत, एकाच अंधारात झोपणाऱ्या माणसावर विश्वास टाकल्याने. ज्या साखळीतून सुटण्यासाठी विदॉकने स्वतःचा जीव धोक्यात घातला होता, त्याच साखळीत त्याने दुसऱ्यांना ओवले. आपल्याकडे माफीच्या साक्षीदाराकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ते सांगायला नको. कोर्ट त्याची साक्ष घेते, पण कुणी त्याला घरी जेवायला बोलावत नाही. आणि तरी दुसरी बाजू उरतेच. या माणसाला प्रामाणिक जगात परत यायचे होते आणि त्या जगाने त्याच्यासाठी एकच दार उघडे ठेवले होते. फितुरीचे. दार अरुंद ठेवणाऱ्यांचा दोष किती आणि त्यातून वाकून आत शिरणाऱ्याचा किती, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

२५ मार्च १८११ रोजी पोलिसांनीच त्याच्या पलायनाचा देखावा रचला. कैद्यांना संशय येऊ नये म्हणून. तुरुंगात त्याच्या पळण्याचे कौतुक झाले म्हणतात.

चोराच्या वाटा

तोपर्यंत पॅरिसचे पोलीस आपापल्या विभागाच्या हद्दीत काम करीत. चोराने रस्ता ओलांडून पलीकडच्या विभागात पाऊल टाकले की यांचे हात बांधलेले. गणवेशातला शिपाई लांबूनच ओळखू येई. विदॉकने सुचवले ते साधे होते. साध्या कपड्यांतली, सबंध शहरात कुठेही फिरू शकणारी माणसे हवीत, आणि ती चोरांच्या अड्ड्यावर बसली तरी उपरी वाटता कामा नयेत. अशी माणसे मिळणार कुठे? तुरुंगातून सुटलेल्यांत. १८११च्या अखेरीस असे पथक उभे राहिले, १८१२मध्ये त्याला अधिकृत रूप आले आणि डिसेंबर १८१३मध्ये नेपोलियनच्या हुकुमाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. हेच ते सुप्रसिद्ध ‘स्युरते’. सुरुवात चार माणसांनी झाली, १८२४पर्यंत ती अठ्ठावीस झाली. त्यांत स्त्रियाही होत्या. बहुतेकांच्या अंगावर जुन्या शिक्षेचा डाग. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक ही म्हण आपल्याकडे कट्ट्यावर बसून म्हणतात. पॅरिसने तिचे सरकारी खाते काढले.

विदॉकची खरी ताकद त्याच्या स्मरणात होती. एकदा पाहिलेला चेहरा तो विसरत नसे. बिसेत्रला साखळी निघायची त्या दिवशी तो जाऊन कैद्यांचे चेहरे, चाली, आवाज मनात टिपून ठेवी. प्रत्येकाची टोपणनावे, गुन्ह्याची पद्धत, साथीदार यांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त त्याने पथकाला लावली. घरफोडी कशी केली, यावरून ती कुणी केली असेल हे तो सांगे. त्याने दिलेल्या हिशेबाप्रमाणे १८१७ या एका वर्षात अवघ्या बारा माणसांनिशी ८११ जणांना अटक झाली, त्यांत १५ खुनी होते. आकडा त्याचाच आहे आणि तो स्वतःची फुशारकी मारण्यात मागे नव्हता, हे धरले तरी काम मोठे होते.

२६ मार्च १८१८ रोजी अठराव्या लुईने त्याला माफी दिली. बनावट हुकुमाचे ते भूत तब्बल एकवीस वर्षांनी उतरले. पण खात्यातल्या सभ्य अधिकाऱ्यांना तो कधीच आपला वाटला नाही. याची माणसे आधी चोरी घडवून आणतात आणि मग चोर पकडून शाबासकी मिळवतात, असा बोभाटा होता. सरकारी नोकरीत असूनही गडी श्रीमंत झाला होता, तो कसा, असेही विचारले जाई. तो व्यापाऱ्यांची खासगी कामे करी हे खरे. त्यात सगळाच पैसा चोख होता, असे छातीठोकपणे कोण सांगेल? १८२४ साली दुसरी पत्नी आणि आई दोन महिन्यांच्या आत गेल्या. वरिष्ठ बदलले, कटकटी वाढल्या आणि जून १८२७मध्ये त्याने राजीनामा दिला.

लगेच १८२८-२९मध्ये चार खंडांत त्याचे आत्मचरित्र निघाले. प्रकाशकाने भाड्याचे लेखक लावून त्यात मीठमसाला घातला आणि विदॉक त्यावर चिडलाही. पण पुस्तक तडाखेबंद खपले. भाषांतरे झाली, इंग्लंडच्या रंगभूमीवर नाटके आली.

पैसा हाती होता. त्याने पॅरिसबाहेर सें-मांदे इथे कागदाचा कारखाना काढला आणि कामावर घेतले कुणाला? तुरुंगातून सुटलेल्या स्त्री-पुरुषांना. शेजारच्या गावात आरडाओरडा झाला. शिवाय अडाणी हातांना काम शिकवण्यात पैसा जाई आणि गिऱ्हाईक मात्र अशा मजुरांचा माल म्हणून भाव पाडून मागे. १८३१मध्ये कारखाना बुडाला. ज्याच्यावर खाडाखोड करता येणार नाही असा कागद आणि पुसली न जाणारी शाई तयार करण्याच्या खटपटीतही तो होता. पूर्वी चेकवरचा आकडा कुणी खोडून बदललेला आहे का, हे मी उजेडात धरून पाहत असे. असा कागद सुचावा तो बनावट दस्तऐवजापायी सक्तमजुरी भोगलेल्या माणसालाच, याचे मला नवल वाटत नाही.

कारखाना बुडाल्यावर १८३२मध्ये तो पुन्हा खात्यात आला. त्याच जूनमध्ये जनरल लामार्कच्या अंत्ययात्रेतून पॅरिसमध्ये बंड उसळले, रस्त्यांत अडथळे उभे राहिले, आणि विदॉकची माणसे सरकारच्या बाजूने बंडखोरांवर तुटून पडली. सरकार तरले, पण उपकार फार दिवस टिकले नाहीत. एका घरफोडीच्या खटल्यात त्याच्याच हस्तकाने चोरांना भरीस घातल्याचे प्रकरण बाहेर आले. नोव्हेंबरात विदॉक गेला. जाताच जुने पथक मोडले आणि ज्यांच्या नावावर कधी शिक्षा लागलेली नाही अशीच माणसे घेऊन नवे पथक उभारले गेले. सरकारच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण वीस वर्षे ज्यांनी चोर पकडले, त्या माणसांना पुन्हा रस्त्यावर आणून ठेवणारा हा हुकूम वाचताना घशाशी काही तरी अडते.

पत विकणारी कचेरी

विदॉक त्या वेळी सत्तावन्न वर्षांचा होता. दुसरा कुणी गप्प बसला असता. याने १८३३मध्ये स्वतःची माहिती-कचेरी उघडली. जगातली पहिली खासगी गुप्तहेर संस्था म्हणून तिचे नाव घेतात. अमेरिकेतली पिंकर्टनची संस्था तिच्यानंतर सुमारे सतरा वर्षांनी आली. तिचे मुख्य काम खुनांचा छडा लावण्याचे नव्हते. पॅरिसमध्ये उधारीवर माल उचलून पोबारा करणाऱ्या भामट्यांचा सुळसुळाट झाला होता. वर्षाला वीस फ्रँक वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्याला विदॉकची कचेरी समोरचे गिऱ्हाईक कसे आहे, ते सांगे. आमच्या बँकांत एका शाखेने दुसरीकडून गिऱ्हाइकाविषयी गोपनीय अभिप्राय मागवण्याची पद्धत होती. आज संगणकावर एका बोटाने कर्जदाराचा सगळा पूर्वेतिहास कळतो. त्या साऱ्याचा हा पूर्वज. लोकांच्या पतीची दफ्तरे ठेवणारा माणूस मात्र असा, की ज्याला स्वतःला कुठल्याही बँकेने कर्ज दिले नसते!

पोलीस खात्याला ही समांतर कचेरी खुपू लागली. नोव्हेंबर १८३७मध्ये छापा पडला, साडेतीन हजारांवर फायली उचलून नेल्या, विदॉकला अटक झाली. फेब्रुवारी १८३८मध्ये तो निर्दोष सुटला. १८४२मध्ये पुन्हा तेच. शांपे नावाच्या एका ठकाला त्याने गाठून पैसे परत करायला लावले, तर बेकायदा डांबून ठेवल्याचा आरोप त्याच्यावरच आला. पाच वर्षांची शिक्षा झाली, अपिलात जुलै १८४३मध्ये सुटका झाली. पण तोवर या सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने अकरा महिने कोठडीत काढले होते. पोलिसांनी केले असते तर कौतुक झाले असते, त्याने केले म्हणून तो गुन्हा ठरला. धंदा मात्र बसला तो बसलाच. पुढे लेखन, तुरुंग आणि फाशीच्या शिक्षेवरचे एक छोटे पुस्तक, लंडनला आपल्या वेशांचे आणि वस्तूंचे प्रदर्शन असे करत दिवस गेले. १८४७ साली तिसरी पत्नीही वारली. ११ मे १८५७ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याने डोळे मिटले. त्यानंतर अकरा बायका आपापले मृत्युपत्र घेऊन हजर झाल्या, प्रत्येकीला त्याने वारस केले होते, अशी कथा सांगतात. मागे उरले होते फारच थोडे.

दोन तुकड्यांचा माणूस

विदॉक आणि बाल्झाक यांची ओळख चांगली होती. १८३४मध्ये कैद्यांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या बाँजामँ अपेर यांच्या घरी एका जेवणाला विदॉक, बाल्झाक आणि फाशी देणारा सांसों एका पंगतीला बसले होते. पुढच्याच वर्षी ‘ल पेर गोरियो’ पुस्तकरूपाने आली आणि तिच्यातून व्होत्रें नावाचा फरारी कैदी जगापुढे आला. दुसऱ्याने केलेला बनावट कागद स्वतःच्या अंगावर घेऊन हा व्होत्रें सक्तमजुरीला गेलेला आहे! पुढच्या एका कादंबरीच्या शेवटी बाल्झाकने त्याला थेट पोलीसप्रमुखच केले. त्याने या माणसाला धुतले नाही, पुसले नाही. होता तसा अखंड ठेवला.

ह्यूगोने निराळे केले. १८६२मध्ये आलेल्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये त्याने विदॉकचे दोन तुकडे केले, असे मला नेहमी वाटत आले आहे. एक तुकडा ज्याँ व्हालज्याँ. भुकेल्या मुलांसाठी पाव चोरणारा, १७९६ साली शिक्षा झालेला, तुलाँला साखळीत गेलेला, पुढे नाव बदलून कारखाना काढणारा. दुसरा तुकडा झाव्हेर. तुरुंगात जन्मलेला, कायद्यापायी पछाडलेला पोलीस. व्हालज्याँ न्यायालयात स्वतःची ओळख देतो ते गावही आरास, विदॉकचे जन्मगाव. आणि १८३२च्या ज्या बंडात विदॉक सरकारच्या बाजूने उतरला, त्याच बंडानंतर झाव्हेर नदीत उडी घेतो. कैद्यामध्ये माणूसपण असते, हे कळल्यावर त्याला जगता येत नाही. साने गुरुजींनी ‘दुःखी’ या नावाने ही कथा मराठीत आणली, सोहराब मोदींनी १९५५मध्ये तिच्यावरून ‘कुंदन’ काढला. आपल्या घराघरांत व्हालज्याँसाठी डोळे ओले झाले. ह्यूगोने संत एकीकडे काढला, शिपाई एकीकडे, म्हणून आपल्याला रडता आले. दोघे एकाच कातडीत राहिले असते, तर आपण रडलो असतो का, शंका आहे.

धुलाई मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १८४१मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन पोने द्युपें हा पहिला बुद्धिमान गुप्तहेर उभा केला. हा द्युपें विदॉकला शिक्षणाअभावी चुका करणारा माणूस म्हणून बाजूला सारतो. फ्रान्समध्ये गाबोरियोने १८६६मध्ये लकॉक नावाचा पोलीस आणला. पहिल्या कादंबरीत हा लकॉक एके काळचा शिक्षा झालेला, पुढे कायद्याशी समेट केलेला माणूस आहे. तीनच वर्षांनी त्याच लेखकाने त्याला नवे चरित्र दिले. आता तो चांगल्या घरातला गरीब तरुण झाला, ज्याने गुन्हे फक्त मनात रचले, हाताने केले नाहीत. कागदावरची जुनी नोंद खोडून नवी लिहिली गेली. आणि १८८७मध्ये शेरलॉक होम्स आला, तो तर द्युपें आणि लकॉक दोघांनाही नाके मुरडतच. आता नायकाच्या अंगाला तुरुंगाचा वासही उरला नव्हता.

म्हणून आजच्या पोलीस कादंबरीतला मळलेल्या हातांचा नायक पाहून कुणी काळाला बोल लावला, की मला विदॉक आठवतो. त्याला महात्मा करण्याची माझी इच्छा नाही. ज्यांनी त्याच्या कानात विश्वासाने सांगितले आणि त्यापायी आयुष्यभराची साखळी गळ्यात घेतली, त्यांची नावे कुठल्या कादंबरीत नाहीत, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्याला निर्दोष ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. पण तो केवळ बदमाशही नव्हता. स्वतः अरुंद दारातून आत आल्यावर त्याने ते दार लावून घेतले नाही. पथकात, कारखान्यात त्याने आपल्यासारख्यांना आत ओढले आणि पदरचा पैसा घालवला. समाजाने मात्र चोर पकडून हवे होते तोवर त्या दाराकडे काणाडोळा केला, गरज सरताच ते बंद केले.

१९९०मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात न उलगडलेल्या जुन्या खुनांचा विचार करण्यासाठी तज्ज्ञ एकत्र आले, तेव्हा त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिले ते विदॉकचे. होम्सचे नव्हे. मंडळात सभासद किती असावेत? तर विदॉकच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक, असे ब्याऐंशी. त्या मोजणीत सक्तमजुरीची वर्षेही आली, फरारी असण्याचीही आली आणि तुरुंगात कान देऊन बसल्याचे एकवीस महिनेही आले.